माजींनी आजींवर बोलावं का, आणि बोलले तर ऐकावं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देशाचं सर्वोच्च पद सोडलेल्या माणसानं आपल्या जागी आलेल्यावर जाहीर टीका करावी का? पूर्वीचे नेते म्हणे पायउतार झाले की गप्प बसत. आता भाषणात, मुलाखतीत, समाजमाध्यमांवर माजी लोक आजींवर सर्रास बोलताना दिसतात. ही सभ्यता संपल्याची खूण समजायची की जबाबदारीची जाणीव? आणि वाचक म्हणून त्यातलं किती मनावर घ्यायचं?

मी वर्तमानपत्रात तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा संपादकीय पानावर. पदावरून उतरलेल्या मोठ्या लोकांकडून लेख मागवणं, आलेला मजकूर बारकाईनं वाचणं, एकेका वाक्यावरून त्यांच्याशी वाद घालणं आणि प्रसंगी लेख परत पाठवणं हे माझं रोजचं काम होतं. त्या अनुभवावरून सांगते. मात्र परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, त्यामुळे एका शब्दात ‘हो’ किंवा ‘नाही’ मी देऊ शकणार नाही.

आधी प्रश्न जरा नीट मांडून घेऊ. टीका करण्याचा अधिकार माजी नेत्याला आहेच. पद सोडलं की तो नागरिक होतो आणि नागरिकाला जे बोलता येतं ते त्यालाही बोलता येतं. अडचण अधिकाराची नाही, अडचण त्याच्या शब्दाला असलेल्या वजनाची आहे. आपण चहा पिताना सरकारला नावं ठेवतो तेव्हा ते आपलं मत असतं. तेच वाक्य माजी पंतप्रधानाच्या तोंडून आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला आतलं काहीतरी माहीत असणार. शिवाय ज्या निर्णयावर तो बोलतोय त्याचं मूळ पुष्कळदा त्याच्याच कारकिर्दीत असतं. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात जाणकार साक्षीदार, दुखावलेला प्रतिस्पर्धी आणि त्याच खटल्यातला जुना पक्षकार असे तिघे बसलेले असतात. त्यांतला कोण बोलतोय हे ओळखणं, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे.

आता ‘पूर्वी गप्प बसत’ याबद्दल. हे तितकंसं खरं नाही. अमेरिकेचंच उदाहरण घ्या, कारण मौनाची परंपरा म्हटली की तिथलाच दाखला दिला जातो. जॉन क्विन्सी ॲडम्स १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले आणि १८३१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८४८ पर्यंत, प्रतिनिधिगृहाचे साधे सदस्य म्हणून बसले. गुलामगिरीविरोधी अर्ज सभागृहात चर्चेला येऊच द्यायचे नाहीत असा नियम १८३६ मध्ये झाला होता. तो १८४४ मध्ये रद्द होईपर्यंत ते त्याच्याशी झगडत राहिले. मेक्सिकोच्या युद्धाला त्यांनी विरोध केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष पोक होते. सभागृहातच ते कोसळले आणि दोन दिवसांनी गेले. थिओडोर रूझवेल्ट तर मौनाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. टाफ्ट यांना त्यांनी स्वतः पुढे आणलं, १९०८ मध्ये निवडून आणलं, आणि चार वर्षांनी त्यांच्याच विरोधात वेगळा पक्ष काढून उभे राहिले. १९१२ च्या त्या निवडणुकीत विल्सन यांना ४३५ निर्वाचक मतं मिळाली, रूझवेल्टना ८८ आणि पदावर असलेल्या टाफ्टना फक्त ८. पुढे पहिल्या महायुद्धात विल्सन यांच्यावर टीका करू नये असं लोक म्हणू लागले, तेव्हा याच रूझवेल्टनी १९१८ मध्ये ‘कॅन्सस सिटी स्टार’मध्ये लिहिलं की राष्ट्राध्यक्षावर टीकाच नको असं म्हणणं देशभक्तीचं तर नाहीच, उलट लाचारीचं आहे. हर्बर्ट हूवर यांनी पद गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९३४ मध्ये, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’वर, म्हणजे मंदीवरच्या सरकारी उपायांवर, अख्खं पुस्तक लिहून हल्ला चढवला.

म्हणजे मौन हा जुना नियम नव्हे. आपण ज्याला परंपरा म्हणतो ती बरीचशी दुसऱ्या महायुद्धानंतर घट्ट झाली. त्याला एक साधं कारणही आहे, उपजीविकेचं. १९५८ पर्यंत अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाला त्या पदाचं निवृत्तिवेतनच नव्हतं. ट्रूमन यांची ओढाताण पाहून कायदा झाला आणि वर्षाला २५ हजार डॉलर सुरू झाले. पुढे स्वतःच्या नावाचं ग्रंथालय, आठवणींचं पुस्तक, व्याख्यानं, समाजकार्य असं एक मानाचं निवृत्त आयुष्य तयार होत गेलं. ज्याला बसायला मानाची जागा मिळते त्याला गप्प बसणं सोपं जातं. याचा अर्थ मौनामागे तत्त्व नव्हतं असा मुळीच नाही.

ते तत्त्व काय, ते मार्च २००९ मध्ये धाकट्या बुश यांनी कॅनडात कॅल्गरीच्या भाषणात सांगितलं. ओबामांवर टीका करण्यात मी वेळ घालवणार नाही, ते माझ्या मौनाचे हक्कदार आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या शब्दयोजनेबद्दल मला फार आदर आहे. मौन म्हणजे नव्या माणसाचं कौतुक नव्हे. मतदारांनी एक निर्णय दिलाय, त्या निर्णयाला उमलायला अवकाश द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. नव्या माणसाला स्वतःच्या चुका करायचा हक्क असतो. त्या खुर्चीवर बसल्यावर रात्री किती वाजता फोन येतात, अर्धवट माहितीवर किती मोठे निर्णय घ्यावे लागतात, हे जगात मोजक्या लोकांनाच माहीत असतं. ज्यांना माहीत आहे त्यांनीच पहिल्या महिन्यापासून दगड उचलले तर ते जास्त लागतं.

यातलं माझं आवडतं उदाहरण एप्रिल १९६१ चं. क्यूबात पिग्जच्या उपसागरात अमेरिकेनं उतरवलेली क्यूबन निर्वासितांची तुकडी तीन दिवसांत गारद झाली आणि केनेडींची सगळीकडे नाचक्की झाली. पद सोडून आयसेनहॉवरना तेव्हा तीन महिनेच झाले होते. केनेडींनी त्यांना कॅम्प डेव्हिडला बोलावलं. बंद दाराआड आयसेनहॉवरनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं: निर्णयाआधी सगळ्या सल्लागारांना समोरासमोर बसवून वाद घडवून आणला होता का, हवाई संरक्षण ऐनवेळी का काढून घेतलं? बाहेर आल्यावर मात्र पत्रकारांना त्यांनी एवढंच सांगितलं की परराष्ट्र धोरणाची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे त्याच्यामागे देशानं उभं राहावं. टीका झाली, ती कठोर होती, ज्याच्या कानावर जायला हवी त्याच्या कानावर गेली. लोकांसमोर मात्र ती आली नाही.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. क्यूबाच्या निर्वासितांना प्रशिक्षण देण्याच्या योजनेला मार्च १९६० मध्ये मंजुरी दिली होती ती आयसेनहॉवर यांनीच. जाहीर टीका केली असती तर पहिला प्रश्न त्यांच्याकडेच आला असता. त्यांच्या मौनात सौजन्य होतं आणि जबाबदारीतला स्वतःचा वाटाही होता. या वाट्याबद्दल मी पुढे सविस्तर बोलणार आहे, कारण माझ्या लेखी सगळी पारख तिथेच होते.

त्याआधी परिस्थितीचा भाग. देशाची राज्यपद्धती कोणती यावर बरंच ठरतं. अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्षाला कुठलीही घटनात्मक खुर्ची उरत नाही. संसदीय पद्धतीत हरलेला पंतप्रधान पुष्कळदा समोरच्या बाकावर बसतो. जुलै १९४५ मध्ये चर्चिल हरले आणि विरोधी पक्षनेते झाले. ॲटली सरकारवर टीका करणं हे तेव्हा त्यांचं कामच होतं, त्यासाठीच लोकांनी त्यांना सभागृहात पाठवलं होतं. इंदिरा गांधी १९७७ ते १९८० विरोधात होत्या, त्यांनी गप्प बसावं अशी अपेक्षा कोण करणार? त्यामुळे ‘माजी पंतप्रधान सरकारवर बोलले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ते कोणत्या जागेवरून बोलले ते पाहावं लागतं.

सभागृहात उभं राहून बोललेल्याला मी नेहमी जास्त गुण देत आले. तिथे समोर उत्तर द्यायला माणूस बसलेला असतो, शब्द नोंदला जातो, वेळेची मर्यादा असते. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा ३१ जानेवारी २०२२ चा प्रश्न आठवून पाहा. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधानांच्या कार्यालयात मेजवान्या झाल्याचा अहवाल आला होता. मे मागच्या बाकावरून उठल्या. त्यांचा प्रश्न असा होता: माझ्या सन्माननीय मित्रानं नियम वाचले नव्हते, की त्याला ते कळले नव्हते, की ते आपल्याला लागू नाहीत असं त्याला वाटलं, यांतलं नेमकं काय? मिनिटभरसुद्धा लागला नसेल. स्वतःच्या पक्षाच्या, स्वतःनंतर आलेल्या पंतप्रधानाला विचारलेला हा प्रश्न माझ्या मते आदर्श नमुना आहे. त्यात विशेषण नाही, हेतूचा आरोप नाही, आणि तिन्हींपैकी कुठलंही उत्तर दिलं तरी ते अडचणीचंच.

आपल्याकडचं उदाहरण २४ नोव्हेंबर २०१६ चं, राज्यसभेतलं. नोटबंदीला सोळा दिवस झाले होते. मनमोहन सिंग, एरवी फार कमी बोलणारे, सात-आठ मिनिटं बोलले. ‘संघटित लूट’ हे त्यांचे शब्द दुसऱ्या दिवशी मथळ्यांत गेले. माझं लक्ष मात्र दुसऱ्या दोन गोष्टींकडे होतं. एक म्हणजे त्यांनी आधी सांगितलं की उद्दिष्टांबद्दल माझा मतभेद नाही, माझं म्हणणं अंमलबजावणीबद्दल आहे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी आकडा दिला: राष्ट्रीय उत्पन्न सुमारे दोन टक्क्यांनी घटू शकतं. तो आकडा बरोबर ठरला की चूक यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाही हवा. पण रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री राहिलेल्या माणसानं तपासता येईल असं भाकीत सभागृहात नोंदवून ठेवलं, म्हणजे चूक ठरण्याचा धोका स्वतःच्या अंगावर घेतला. डेस्कवर तरुण उपसंपादकांना मी हेच सांगत असे: ‘देश खड्ड्यात चाललाय’ हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, म्हणून त्याला किंमत नसते.

जिमी कार्टर यांचं उलट उदाहरण देते, आणि त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच देते. मे २००७ मध्ये एका मुलाखतीत ते म्हणाले की परराष्ट्र संबंधांत बुश सरकार इतिहासातलं सर्वांत वाईट आहे. दोनच दिवसांत त्यांना खुलासा करावा लागला की शब्द निष्काळजीपणे वापरले गेले किंवा त्यांचा चुकीचा अर्थ लावला गेला. त्यांचं म्हणणं काय, त्याला आधार काय, यावर चर्चा झालीच नाही, चर्चा झाली ती ‘सर्वांत वाईट’ या दोन शब्दांवर. माजी नेत्यानं तुलनेचं शेवटचं टोक गाठलं की ऐकणाऱ्याला पुढचं काही ऐकू येत नाही.

कार्टर यांचीच दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये, इराकनं बळकावलेल्या कुवेतच्या प्रश्नावर, सुरक्षा परिषदेत लष्करी बळाच्या वापराला मंजुरी देणारा ठराव येऊ घातला होता. कार्टर यांनी सुरक्षा परिषदेवरच्या देशांच्या नेत्यांना पत्रं लिहून त्याला पाठिंबा देऊ नका असं सुचवलं. थोरले बुश यांच्या सरकारला त्यांनी हे आधी सांगितलं नव्हतं. ठराव २९ नोव्हेंबरला १२ विरुद्ध २ मतांनी संमत झालाच. युद्धाला विरोध करणं हा त्यांचा हक्क होता आणि शांततेची त्यांची तळमळ खरी होती. पण आपल्या सरकारवर आपल्या लोकांसमोर टीका करणं वेगळं, आणि आपल्या सरकारच्या चालू वाटाघाटीत परक्या सरकारांना उलटा सल्ला देणं वेगळं. दुसरी गोष्ट टीकेच्या पलीकडे जाते. त्यात माजी नेता दुसरं परराष्ट्र खातं चालवू लागतो, आणि त्याला त्यासाठी कुणी निवडून दिलेलं नसतं. कोणत्याही देशाच्या, कोणत्याही पक्षाच्या माजी नेत्यासाठी मी ही रेघ पक्की मानते.

आता घरातल्या भांडणाविषयी, म्हणजे स्वपक्षाच्या वारसावरच्या टीकेविषयी. ही सर्वांत जास्त लागते, कारण ती विरोधकांचं कारस्थान म्हणून झटकून टाकता येत नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये ब्रिटनचे ९१ वर्षांचे माजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन स्वपक्षाच्याच थॅचर सरकारच्या खासगीकरणावर बोलले. घराण्यावर वाईट दिवस आले की आधी चांदी जाते, मग दिवाणखान्यातलं फर्निचर, मग भिंतीवरची चित्रं, असा त्यांचा दाखला होता. ‘घरची चांदी विकली’ हे शब्द आजतागायत वापरले जातात. आठवड्याभरात त्यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात स्पष्ट केलं की खासगी मालकीला माझा विरोध नाही, विकून आलेलं भांडवल चालू खर्चासाठी वापरण्याला आहे. मूळ मुद्दा हा होता आणि तो हिशेबाचा, विचार करण्याजोगा होता. पण दाखला इतका चपखल होता की मुद्दा त्याच्याखाली दबून गेला. मुरलेल्या वक्त्यांनासुद्धा हा धोका टाळता येत नाही.

त्याच थॅचर पुढे स्वतः माजी झाल्या आणि आपल्या जागी आलेल्या जॉन मेजर यांना त्यांनी मास्ट्रिख्टच्या, म्हणजे युरोपीय संघ घडवणाऱ्या, करारावरून सळो की पळो करून सोडलं. १९९२ च्या निवडणुकीनंतर मेजर यांच्याकडे जेमतेम २१ चं बहुमत होतं. पक्षातल्या बंडखोरांना माजी पंतप्रधानाचा उघड आशीर्वाद मिळाल्यावर त्या बहुमताचं काय झालं असेल याची कल्पना करा. धोरणाबद्दल थॅचर बरोबर होत्या की चूक हा वेगळा विषय. मला इथे त्यातली यंत्रणा दाखवायची आहे: माजी नेत्याची टीका क्वचितच थेट मतदारांवर काम करते, ती आधी पक्षातल्या डळमळीत लोकांना धीर देते. नायजेरियात माजी राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांनी डिसेंबर २०१३ मध्ये आपल्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जोनाथन यांना अठरा पानी पत्र लिहिलं, ते जाहीर झालं, आणि २०१५ मध्ये जोनाथन हरले. जानेवारी २०१८ मध्ये तसंच पत्र त्यांनी जोनाथन यांच्या जागी आलेल्या बुहारींना लिहून पुन्हा उभे राहू नका असं सांगितलं. बुहारी उभे राहिले आणि २०१९ मध्ये जिंकलेही. पहिल्या वेळी पक्ष आधीच फुटायला आला होता, पत्रानं त्या फुटीला वाट करून दिली. नुसत्या पत्रानं सरकार पडत नाही.

आतापर्यंतचं जरा गोळा करते. मौन हा कायदा नाही, ते सौजन्य आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. संसदेत बसलेल्या माजी नेत्याला ते लागू होत नाही. परदेशी सरकारांच्या कानाला लागणं कुणालाच शोभत नाही. आता सर्वांत अवघड भाग: सौजन्य कधी मोडावं?

माझं मत असं की करांचे दर, अंदाजपत्रक, एखादी योजना यांवर निदान पहिली वर्ष-दोन वर्षं तरी थांबावं. त्या गोष्टी पुढचं सरकार बदलू शकतं. पण माणसांचे जीव जात असतील, किंवा ज्या नियमांनी सत्ता बदलते ते नियमच धोक्यात असतील, तर थांबण्याला अर्थ राहत नाही. नेल्सन मंडेला १९९९ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यानंतर आलेले म्बेकी यांनी एड्स हा एचआयव्हीमुळेच होतो का यावरच शंका घेतली आणि सरकारी रुग्णालयांत औषधं पोचायला उशीर होत राहिला. मंडेला आधी जपून बोलले. जुलै २००० मध्ये दरबानच्या एड्स परिषदेत त्यांनी वाद बाजूला ठेवून उपचार सुरू करा असं सांगितलं. मार्च २००२ मध्ये त्यांनी पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत विषय काढला तेव्हा त्यांच्यावरच लोक तुटून पडले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये खायेलित्शाच्या दवाखान्यात ते ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेला टी-शर्ट घालून गेले. वारसाचं नाव त्यांना घ्यावंच लागलं नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारनं उपचारांची राष्ट्रीय योजना मंजूर केली. त्याआधी घटनात्मक न्यायालयाचा निकाल आला होता, रुग्णांच्या संघटना वर्षानुवर्षं लढत होत्या. श्रेय एकट्या मंडेलांचं नाही, पण त्यांच्या त्या टी-शर्टनं रुग्णांच्या बाजूला उभं राहणं म्हणजे देशद्रोह नव्हे हे लोकांना दिसलं.

नियमांच्या बाबतीत जॉन मेजर यांचं २०१९ चं पाऊल सांगते. बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या ऐन तोंडावर संसद पाच आठवडे तहकूब करवली, तेव्हा मेजर त्याविरुद्धच्या खटल्यात सामील झाले, स्वपक्षाच्या पंतप्रधानाविरुद्ध. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ती तहकुबी बेकायदा ठरवली. भाषणापेक्षा न्यायालय निवडणं मला महत्त्वाचं वाटतं. तिथे टाळ्या मिळत नाहीत, प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, ‘लोकशाही धोक्यात आहे’ असं तर प्रत्येकच माजी नेता म्हणतो. बरोबर. अपवादाचा दरवाजा उघडला की सगळेच त्यातून येतात. म्हणूनच स्वतःच्या वाट्याची कसोटी लागते. टीका करणाऱ्यानं त्याच प्रश्नातली स्वतःची जबाबदारी समोर ठेवली आहे का, एवढं पाहा. आपल्या कारकिर्दीत एड्सकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही हे मंडेलांनी मान्य केलं होतं, म्हणून त्यांचं बोलणं पश्चात्तापासारखंही होतं आणि आर्जवासारखंही. मेजर यांच्यावर १९९७ मध्ये निवडणुकीआधी लवकर संसद थांबवून एक अडचणीचा अहवाल लांबवल्याचा आरोप झाला होता, आणि २०१९ मध्ये टीकाकारांनी तो बरोबर उकरून काढला. त्यानं त्यांचा कायदेशीर मुद्दा खोटा ठरला नाही, पण वाचकानं तो संदर्भ माहीत असूनच त्यांचं ऐकावं. सत्ताधाऱ्यांना दुसऱ्या वेळेचा मोह सोडायला सांगणाऱ्या ओबासांजोंच्याच काळात, २००६ मध्ये, तिसऱ्या कारकिर्दीची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्ती सिनेटनं फेटाळली होती. आणि हूवर? मंदी ज्यांच्या काळात कोसळली त्यांनी मंदीवरच्या उपायांना झोडपलं, तेव्हा देशानं त्यांच्याकडे पाठ फिरवली. तेच हूवर १९४६ मध्ये ट्रूमन यांच्या विनंतीवरून युद्धानं उपाशी पडलेल्या देशांच्या अन्नपुरवठ्याचा आढावा घेत फिरले, तेव्हा त्यांचा शब्द पुन्हा चालू लागला. त्या कामातलं त्यांचं ज्ञान पहिल्या महायुद्धापासूनचं, कमावलेलं होतं.

पुन्हा निवडणूक लढवायची असलेल्या माजी नेत्याला मात्र या मापानं मोजू नका. पद सोडल्यापासून बायडेन यांच्यावर बोलत राहिलेले आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकलेले ट्रम्प असोत, की २००३ मध्ये निवृत्त होऊन आपल्या वारसांवर वर्षानुवर्षं टीका करत २०१८ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी परत पंतप्रधान झालेले मलेशियाचे महातीर असोत, ते उमेदवार म्हणून बोलत होते. उमेदवाराचं भाषण म्हणून ऐकलं की त्यात वावगं काही वाटत नाही. फसगत होते ती उमेदवाराला निवृत्त वडीलधारा समजण्यात.

बोलण्याची किंमतही मोजावी लागते, हे सहसा लक्षात येत नाही. अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्षांना गोपनीय माहिती देत राहण्याची प्रथा आहे, पण ती पदावरच्या माणसाच्या मर्जीवर चालते. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडेन म्हणाले की ट्रम्प यांना ती देण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी बायडेन यांची ती सोय काढून घेतली. म्हणजे पद सोडून जितका काळ जातो तितकी माजी नेत्याची ‘आतली माहिती’ जुनी होत जाते, आणि वाद पेटला तर ती पूर्णच थांबते. चार वर्षांपूर्वी पद सोडलेला माणूस आजच्या संकटावर बोलतो तेव्हा तो बहुधा तुमच्या-माझ्यासारखंच वर्तमानपत्र वाचून बोलत असतो. त्याचा अनुभव खरा असतो, पण त्याची माहिती ताजी असेलच असं नाही. मी संपादनात हा फरक वाक्यागणिक तपासत असे: ‘मी त्या खोलीत असताना’ हे वाक्य राहू दे, ‘आज त्या खोलीत काय चाललंय’ हे वाक्य काढ.

शेवटी एक अनुभव, नाव न घेता. देशाच्या मंत्रिमंडळात फार वजनदार खातं सांभाळलेले एक गृहस्थ पद गेल्यावर वर्षभरानं लेख घेऊन आले. नव्या सरकारच्या एका निर्णयावर कडक, अभ्यासपूर्ण टीका होती. पहिल्या पानावर चौकट करून लावावा असा मजकूर होता, आणि वरिष्ठांना तो त्याच दिवशी हवाही होता. मी त्यांना फोन केला आणि विचारलं की या निर्णयाची पहिली टिप्पणी तुमच्या टेबलावरून गेली होती, तिच्यावर तुमचा शेरा काय होता? ते चिडले. म्हणाले, लेख माझा आहे, आत्मचरित्र नाही. लेख त्यांनी परत मागवला. मला ऑफिसात बोलणी बसली, आणि दुसरीकडे तो तसाच छापून येईल या भीतीनं मी आठवडाभर सकाळी सगळी वर्तमानपत्रं उघडून बघत होते.

तो कुठेच आला नाही. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, लेख पुन्हा पाठवतोय म्हणून. बाकी सगळं तेच होतं, फक्त सहाव्या परिच्छेदात चार नवी वाक्यं होती: ती टिप्पणी मी पाहिली होती, तिच्यातला धोका मला तेव्हा दिसला होता, पक्षात वाद नको म्हणून मी शेरा न मारता ती पुढे पाठवली, आणि आज मी जे म्हणतोय ते तेव्हा लिहायला हवं होतं. मी त्यांची परवानगी घेतली, तो परिच्छेद उचलून लेखाच्या सुरुवातीला आणला आणि पान सोडलं.